भूमितीला सावली असते

“गावकर मॅडम, तुमच्या शाळेत अपूर्णांकाखाली शून्य?”

रविवारची सकाळ होती. मालवणच्या मासळीबाजारात मी बांगड्यांच्या वाट्यासमोर उभी राहून कोळणीशी घासाघीस करत होते. फोनवर पेडणेकर साहेब होते, आमचे विस्तार अधिकारी. विस्तार अधिकारी म्हणजे तालुक्यातल्या ठरावीक शाळांवर लक्ष ठेवणारा माणूस. शिकवणं बरं चाललं असेल तर ते त्याला दिसत नाही. कागद कमी पडला तर मैलावरून वास येतो.

“साहेब, अपूर्णांकाखाली शून्य चालतच नाही. छेद शून्य असून कसं भागेल?” मी म्हटलं.

“विनोद नको. मी कालच्या व्हिडिओबद्दल बोलतोय. एक मूल नाही हो तिथे. एकही नाही.”

कोळीण विचारत होती, “घेतास काय नाय, बाई?” मी बांगडे घेतले. रविवार फुकट जाणार हे कळलं होतं, निदान जेवण तरी फुकट जाऊ नये.

आता मी निवृत्त आहे, त्यामुळे हे सगळं मोकळेपणाने सांगता येतं. तेव्हा मी किनाऱ्यावरच्या एका छोट्या जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका होते. पाचवीपर्यंतची शाळा आणि शिक्षक दोन, एक मी आणि एक अश्विनी. अश्विनी सांगलीकडची. शिक्षणसेवक म्हणून आमच्याकडे लागली होती. शिक्षणसेवक म्हणजे उमेदवारीवरचा शिक्षक. काम पूर्ण शिक्षकाचं करायचं, मानधन मात्र अर्धंमुर्धं. तीन वर्षं झाली की वरिष्ठ एक अहवाल देतात. त्यात ‘समाधानकारक’ असा शब्द आला की नोकरी पक्की. नाही आला तर मुदत वाढते, नाहीतर माणूस घरी जातो. अश्विनीची तीन वर्षं त्या दिवाळीनंतर भरत होती. शाळेजवळच एका घराची मागची खोली तिने भाड्याने घेतली होती. नोकरी पक्की झाली की गावी एकट्या असलेल्या आईला इकडे आणायचं, हे तिने मला आल्या आल्या सांगितलं होतं. तो अहवाल लिहिणार होते पेडणेकर साहेब.

आता व्हिडिओचं सांगते. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक आदेश आला होता. ‘गणिताची भीती घालवू या’ अशा काहीतरी नावाचा उपक्रम. उपक्रम हा शब्द शाळेत फार वापरतात. शिकवणं सोडून इतर जे काही करावं लागतं, त्याला उपक्रम म्हणतात. मैदानात सहा फलक लावायचे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, अपूर्णांक, भूमिती. शिट्टी वाजली की मुलांनी आपल्या आवडत्या फलकाकडे धावायचं. दुसऱ्या शिट्टीला नावडत्या फलकाकडे. याचा व्हिडिओ काढून लिंकवर अपलोड करायचा. त्यावरून कुठल्या शाळेत कुठला घटक आवडतो, कुठला आवडत नाही, ते वर कळणार. पाठीमागे शाळेचं मोकळं मैदान दिसलं पाहिजे, अशी खास सूचना होती. पडवीत उभं राहिलेल्या मुलाला गणित आवडत असेल, तर ते धरायचं नव्हतं.

इतर शाळांनी काय केलं ते ग्रुपवर दिसत होतं. सहा फलक, सहा रांगा, रांगेत मुलं सारखी. शिट्टी वाजली की कवायतीसारखी धावायची आणि हसायची. एका व्हिडिओत भागाकाराकडे धावणारं पोर मध्येच वळून बाईंकडे बघत होतं, बरोबर फलक कुठला म्हणून.

तो शनिवार नेमका माझा केंद्रशाळेतल्या मीटिंगचा होता. अश्विनी शाळेत एकटी. ती मनाने सरळ आहे. मुलांना आधी काही शिकवून ठेवायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नाही. तिने खरोखर आवड विचारली.

आणि फलक तिने स्वतः लावले, फार विचार करून. अपूर्णांक हा तिचा जीव की प्राण. कुणाला आमरस आवडतो, कुणाला मांजर, तसा हिला अपूर्णांक. म्हणून तो फलक तिने मानाच्या जागी लावला. मैदानाच्या मध्यावर, झेंड्याच्या चौथऱ्यावर. बेरजेपासून भागाकारापर्यंतचे चार फलक कडेच्या चार माडांना नीट बांधले. उरली भूमिती. ती फणसाला अडकवली.

शिट्टी वाजली. सगळी शाळा फणसाकडे धावली.

दुसरी शिट्टी वाजली. नावडत्या घटकाकडे धावा. एक मूल हललं नाही.

म्हणजे त्या व्हिडिओप्रमाणे आमच्या मुलांना सर्वांत आवडती भूमिती, आणि सर्वांत नावडती पण भूमितीच. पेडणेकर साहेबांनी यातून काय घ्यावं? त्यांनी पहिला अर्धा भाग घेतला आणि रविवारी सकाळी उठून एक टिपण लिहिलं. ‘किनारपट्टीच्या विद्यार्थ्यांत भूमितीची उपजत जाण’. समुद्र म्हणजे क्षितिज, म्हणजे सरळ रेषा. होडी म्हणजे त्रिकोणी शीड. जाळं म्हणजे चौकोनच चौकोन. हे टिपण ते जिल्ह्याला पाठवूनही मोकळे झाले होते. मग त्यांचं लक्ष चौथऱ्याकडे गेलं.

“साहेब, दुसऱ्या फेरीतही अपूर्णांकाकडे कुणी गेलं नाही. म्हणजे तो कुणाला नावडतही नाही,” मी बाजारातूनच म्हटलं.

“तेच तर,” साहेब म्हणाले. “आवडत नाही आणि नावडतही नाही. म्हणजे काय? शिकवलेलाच नाही. तुमच्या त्या शिक्षणसेविकेचा खुलासा पाठवा. अहवाल जवळ आलाय तिचा. मला नोंद घ्यावी लागेल.”

मी इतकी वर्षं मुलांचे तर्क ऐकत आले आहे. वजाबाकीत वरचा आकडा छोटा असेल तर उलट करून मोठ्यातून छोटा वजा करणारी मुलं मला माहीत आहेत. पण असा तर्क पहिलीच्या मुलानेही कधी केला नव्हता.

सोमवारी अश्विनी शाळेत आली ती डोळे सुजवून. ग्रुपवर तिला कळलं होतंच. ग्रुपवर कुणी सांगत नाही, फक्त विचारतात, ‘काय झालं हो तुमच्याकडे?’

“बाई, मी अपूर्णांक शिकवला नाही असं म्हणतायत ते,” ती म्हणाली. “दुसरं काहीही म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं.”

मला साहेबांचा भयंकर राग आला. कारण अपूर्णांकासाठी या पोरीने काय केलं होतं ते मी बघितलं होतं. पहिल्या वर्षी तिने फळ्यावर भाकरी काढली आणि चार भाग केले. मुलं बघत बसली. आमच्याकडे भाकरी वाटत नाहीत, जेवढी लागते तेवढी घेतात. वाटतात ते मासे. मग ती एका शनिवारी वर्गाला घेऊन रापणीवर गेली. रापण म्हणजे भलंमोठं जाळं. ते समुद्रात सोडून वाडीतली माणसं दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढतात आणि मिळेल त्या मासळीचे वाटे करतात. तिथे वाळूवर हिने ‘समान भाग’ शिकवायला घेतले, तर पोरं हिच्याशीच भांडायला उठली. बारा बांगडे तिघांत चार-चार हे त्यांना मान्यच नव्हतं. बांगडो केवढो आसा, ताजो आसा काय, जाळां कोणाचा, होडी कोणाची, हे बघितल्याशिवाय वाटा कसा पाडायचा? शेवटी हिने सारख्या मापाचे बांगडे निवडून घेतले, जाळं आणि होडी कुणाचीच नाही असं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं आणि मग छेद समजावला. त्या वर्षीपासून आमची मुलं छेद बघितला की किती जण ओढायला होते ते विचारतात. अपूर्णांक कळायला याहून जास्त काय लागतं, मला माहीत नाही.

मग फणसाखाली सगळी का? मी मधल्या सुट्टीत मुलांनाच विचारलं. खुलासा लिहिण्याआधी मुलांना विचारावं, ही माझी जुनी खोड आहे. त्याने कागद उशिरा जातो, पण बरोबर जातो.

चौथीतली मनाली पडवीच्या पायरीवर बसून चिंच खात होती. बडबडी, पण डोकं तेज.

“मनाली, शनिवारी तू खंय उभी रवललंस?”

“भूमितीकडे.”

“तुका भूमिती आवडता?”

तिने माझ्याकडे असं बघितलं, की बाई आज बरी नाही बहुतेक.

“बाई, भूमितीक सावळी आसा,” ती म्हणाली.

“आणि अपूर्णांकाकडे कित्याक नाय गेलंस?”

“थंय पाय भाजतत.”

“मग माडाकडे तरी जायचा.”

“माडाखाली उभ्या रवाचा नसता. नारळ पडता.”

एवढंच. मी उठून चौथऱ्यापाशी गेले. ऑक्टोबरचं ऊन होतं. चौथरा जांभ्या चिऱ्याचा, वर सिमेंटचा गिलावा. दुपारी तो तव्यासारखा तापतो. मुलं चपला वर्गाबाहेर काढून ठेवतात आणि दिवसभर अनवाणीच फिरतात. आणि माडाखाली उभं राहू नये हे इथल्या पोराला चालता येण्याआधी शिकवलेलं असतं. अश्विनीला ते कसं माहीत असणार? तिच्याकडे कडूनिंब. कडूनिंबाखाली झोपलात तरी वरून काही पडत नाही.

पण पेडणेकर साहेब मूळचे इथलेच. त्यांच्या परसात माड आहेत. खुर्चीवर बसलं की माणसाला परसातले माडही दिसेनासे होतात.

मी फोन केला. सगळं सांगितलं, ऊन, चौथरा, चिरा, नारळ. साहेब आधी पोटभर हसले. मला वाटलं, सुटलो.

“मॅडम, मला पटतंय हो,” ते म्हणाले. “पण टिपण वर गेलंय. मोठ्या साहेबांना फार आवडलंय. ते स्वतः तुमच्या शाळेला व्हिजिट देणार आहेत. आता मी काय कळवू? उपजत जाण नाही, सावली होती?”

“हो. तसंच कळवा.”

“तसं कळवता येत नाही.”

“मग अश्विनीचा अहवाल?”

“त्याला मी काय करू? व्हिडिओत शून्य आहे. व्हिजिटच्या वेळी पुन्हा उपक्रम घ्यायचाय, साहेबांसमोर. तोवर उपचारात्मक अध्यापन करा. सुधारणा दिसली तर बघू.”

उपचारात्मक अध्यापन म्हणजे मागे पडलेल्या मुलांना पुन्हा, वेगळ्या रीतीने शिकवणं. चांगली गोष्ट आहे. फक्त चिऱ्याचा चौथरा उपचारात्मक अध्यापनाने गार होत नाही.

मी एक साधा प्रश्न विचारला. “साहेब, फलक कुठे लावायचे याबद्दल आदेशात काही आहे?”

“नाही. ते तुमच्या शाळास्तरावर.”

‘शाळास्तरावर’ हा आमच्या खात्यातला फार मोठा शब्द आहे. ज्याची जबाबदारी कुणालाच नको, ते शाळास्तरावर. तो शब्द कधी कामाला आला असेल तर तो त्या दिवशी.

अश्विनीला मी म्हटलं, “फलक बदलायचे. अपूर्णांक फणसाला. भूमिती चौथऱ्यावर.”

ती म्हणाली, “बाई, ही फसवणूकच झाली ना?”

“तू मुलांना काही पढवणार आहेस?”

“नाही.”

“मीपण नाही. मुलं जाणार तिथे जाऊ देत. साहेबांना जे मोजायचंय, तेच आपण त्यांना मोजू देतोय.”

तिला पटलं नाही, हे मला तिच्या तोंडावर दिसत होतं. प्रामाणिक माणसाबरोबर काम करण्याचा हा त्रास असतो. पण फलक तिने बांधले, पूर्वीसारखेच नीट.

व्हिजिट सकाळी होती. साहेब लोकांची सकाळ बारा वाजता झाली. जिल्ह्याहून मोठे साहेब आले, बरोबर पेडणेकर, बरोबर फोनने शूटिंग करणारा एक क्लार्क. मोठे साहेब बारीक, मितभाषी, घाटावरचे. पडवीत सरस्वतीच्या तसबिरीपुढे हार घालायचा होता. सगळ्यांनी चपला-बूट पायरीपाशी काढले. मुलांच्या चपलांच्या ढिगातच साहेब लोकांच्या चपला पडल्या. नारळ फोडला, हार घातला, मुलांनी स्वागतगीत म्हटलं. मोठे साहेब पडवीतच खुर्चीवर बसले.

पेडणेकर साहेबांनी भाषण केलं. ऑफिसच्या शुद्ध मराठीत. आवडीनिवडीचं महत्त्व, आनंददायी शिक्षण. मग म्हणाले, “मला स्वतःला विचाराल, तर बालपणापासून माझा सर्वांत आवडता घटक भूमिती. सागराने मला भूमिती शिकवली.”

अश्विनी पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळलेले. मला तिची फार कीव आली. तीन वर्षं शिकवलेलं सगळं आता एका शिट्टीवर ठरणार होतं.

शिट्टी मीच वाजवली. “आवडत्या घटकाकडे धावा.”

सगळी शाळा फणसाकडे धावली. अपूर्णांकाचा फलक पोरांच्या डोक्यांमागे दिसेनासा झाला. चौथऱ्यावर भूमितीचा फलक एकटाच उन्हात उभा.

क्लार्कने शूटिंग केलं. मोठे साहेब म्हणाले, “छान. अपूर्णांक आवडणारी शाळा मी प्रथमच बघतोय.”

“उपचारात्मक अध्यापनाचा परिणाम, साहेब,” पेडणेकर लगेच म्हणाले. “मी स्वतः लक्ष घातलं.”

इथवर सगळं त्यांच्या हिताचंच झालं होतं. पण मोठे साहेब वाचणारे निघाले. ही जात खात्यात कमी आहे, त्यामुळे आपण सावध नसतो.

“पण पेडणेकर,” ते म्हणाले, “तुमच्या टिपणात तर भूमितीची उपजत जाण होती. उपजत जाण पंधरा दिवसांत गेली?”

पेडणेकर साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी फणसाकडे बघितलं.

“साहेब, मुलांची आवड बदलत असते,” ते म्हणाले.

“तुमची नाही ना बदलली? मग जा की, तुम्ही उभे राहा भूमितीकडे. फलक एकटा बरा दिसत नाही. मुलांनाही हुरूप येईल.”

मोठे साहेब हे थट्टेने म्हणाले की खरंच, ते मला अजून कळलेलं नाही. पण वरिष्ठाने सांगितलं आणि समोर कॅमेरा चालू. चपला ढिगात कुठेतरी तळाला. वरिष्ठ बघत असताना चपला शोधत बसणं शोभत नाही. पेडणेकर साहेब तसेच अनवाणी पायऱ्या उतरले आणि लगबगीने चालत चौथऱ्यावर चढले.

चढल्यावर ते हसले. कॅमेऱ्याकडे बघून. मग उजवा पाय थोडा उचलला. मग तो ठेवला आणि डावा उचलला. मुलं फणसाखाली चिडीचूप झाली. त्यांना पुढे काय होणार ते माहीत होतं, त्यांना बघायचं होतं फक्त किती वेळाने.

मनालीला ते बघवेना. ती सावलीच्या कडेला येऊन ओरडली, “साहेबांनू, पाय भाजतले. हयसर येवा, हय सावळी आसा.”

“हेच्या आवशीक खाव,” साहेब म्हणाले. शुद्ध मराठी संपली होती. “मेलंय रे, पाय भाजले माझे.”

आणि उडी मारून ते जे पळाले ते थेट अपूर्णांकाखाली. मुलांनी त्यांना आत जागा करून दिली. एकाने कळशी आणली, दुसऱ्याने पायावर पाणी घातलं. हसलं कुणी नाही. पाय भाजलेल्याला हसायचं नसतं, हे मुलांना बहुतेक मोठ्यांपेक्षा जास्त कळतं. मी मात्र तोंड वळवून हसून घेतलं. मी हसले ते हसले.

मोठे साहेब खुर्चीवरून उठले नव्हते. त्यांनी फणसाकडे बघितलं, चौथऱ्याकडे बघितलं, माडांकडे बघितलं. मग मला विचारलं, “मॅडम, मागच्या वेळी अपूर्णांक कुठे होता?”

“चौथऱ्यावर, साहेब.”

“आणि भूमिती?”

“फणसाला.”

“आणि हे चार माडांचे?”

“माडाखाली नारळ पडतो, साहेब. इथे कुणी उभं राहत नाही.”

त्यांनी मान हलवली. अश्विनीला जवळ बोलावून विचारलं, “तुम्ही अपूर्णांक कसा शिकवता?” ती पदर सोडून पुढे आली. मग तिने रापणीचं सांगितलं, बांगड्यांचं सांगितलं, पोरं कशी भांडली ते सांगितलं. सांगता सांगता तिची भीड गेली आणि ती मोठ्या साहेबांनाच विचारायला लागली, छेद वाढला की भाग लहान का होतो सांगा बघू. साहेबांनी बरोबर उत्तर दिलं. मला बरं वाटलं, कारण चुकले असते तर तिने त्यांनाही रापणीवर नेलं असतं.

दिवाळीनंतर अश्विनीचा अहवाल आला. ‘समाधानकारक’. सही पेडणेकर साहेबांचीच. त्या दिवशी शाळेत तिने पेढे आणले आणि मुलांसमोरच रडली. महिन्याभरात तिची आई आली. आल्या आल्या माडाखाली खाट टाकून बसली, तर शेजारच्या चार बायका धावत जाऊन तिला उठवून घेऊन आल्या.

खात्याचं म्हणाल तर खात्यानेही धडा घेतला. त्याच्या पद्धतीने. एक परिपत्रक आलं की यापुढे सदर उपक्रम सावलीत घ्यावा, आणि सावलीची व्यवस्था शाळास्तरावर करावी. पण पहिल्या व्हिडिओंवरून केलेल्या याद्या आधीच पुढे गेलेल्या होत्या. त्यामुळे अपूर्णांकात मागे पडलेल्या शिक्षकांचं प्रशिक्षण लागलं आणि त्यात अश्विनीचं नाव आलं. ती गेली, दिवसभर बसली. परत आली तेव्हा मी विचारलं, काय शिकवलं? म्हणाली, “पिझ्झा कापून दाखवला, बाई. चित्रातला.”

एक गोष्ट मात्र माझ्या मनात राहिली होती. एवढ्या धावपळीत मुलांना खरंच काय आवडतं, ते कुणीच विचारलं नव्हतं. ना आदेशाने, ना साहेबांनी. आम्हीसुद्धा नाही. म्हणून एक दिवस आम्ही वर्गातच, गार लादीवर, सहा पाट्या ठेवल्या. फोन कपाटात. शिट्टी नाही. सावकाश जा आणि जिथे वाटेल तिथे बसा म्हटलं.

मुलं पांगली. बेरजेकडे लहानगी गेली, गुणाकाराकडे पाढे पाठ असलेली ऐटबाज मंडळी. भागाकाराकडे एकच जण, तो आधीपासूनच तसा विचित्र होता. अपूर्णांकाकडे काही बसली. फणसाखाली होती त्याच्या मानाने फार थोडी. अश्विनीने त्यांच्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. एवढीच, पण खरी, असं ती म्हणाली. मला विचारलंत तर मी वजाबाकीकडे बसले असते. मला हातचा मागून आणायला आवडतं. भूमिती मला कधीच आवडली नाही, सावलीतसुद्धा.

मग नावडत्याची पाळी आली. मनाली उठली आणि अपूर्णांकाच्या पाटीपाशी जाऊन बसली. अश्विनीला धक्काच बसला. ही तिची सगळ्यांत हुशार मुलगी.

“मनाली, तुला तर सगळी उदाहरणं येतात,” ती म्हणाली.

“येतत, मॅडम. पण आवडणत नाय.”

“का गं?”

मनालीने पाटीवरच्या छेदावर बोट ठेवलं. “हो खालचो आकडो वाढलो काय वाटो बारको जाता. आमच्याकडे रापणीक मानसा वाढली काय तसाच जाता. मगे बाबा घराक येवन कायच बोलणत नाय. माका तां आवडणा नाय.”

अश्विनीने मनालीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या शेजारी लादीवर बसली. व्हिडिओ काढला असता तर कुणीतरी टिपण लिहिलं असतं, की या मुलीला अपूर्णांक शिकवायचा राहिला.

इतक्या वर्षांच्या नोकरीतून मी जे शिकले ते एवढंच. मुलांची आवड विचारायची असेल तर आधी त्यांच्या पायाखाली काय आहे ते बघावं. साहेबांची विचारायची असेल तर आधी त्यांच्या चपला काढून ठेवाव्यात.